पैसे कमी, भाषा तीन: कॉलेज लायब्ररीची खरेदी नव्याने कशी लावायची

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सीमेलगतच्या पट्ट्यातल्या अनुदानित डिग्री कॉलेजांत नव्याने रुजू झालेले ग्रंथपाल मला एकच प्रश्न विचारतात : "मॅडम, पुस्तकांचे पैसे निम्म्यावर आलेत, डिपार्टमेंटं मात्र तेवढीच आहेत. वाटप कसं करू?" माझं उत्तर जरा उद्धट वाटतं. वाटप करूच नका.

प्रत्येक विभागाला सारखी रक्कम द्यायची ही सवय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) पंचवार्षिक अनुदानाच्या काळातली. पैसे एकरकमी यायचे, खर्च झाल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागायचं, त्यामुळे सगळ्यांना थोडं थोडं दिलं की कुणी नाराज होत नसे. २०१२ ते २०१७ची बारावी योजना संपली, पंचवार्षिक योजनाच बंद झाल्या आणि तो ओघ आटला. आता उरते ती मुलांची लायब्ररी फी आणि मॅनेजमेंट देईल ते. बीएचे प्रवेश घटले की फीही घटते. एवढ्यातून नऊ विभागांना सारखं वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला मूठभर पुस्तकं येतात आणि एकाही वर्गाला पुरत नाहीत.

त्यापेक्षा प्रत्येक खरेदीला एक प्रश्न विचारा : आमच्या मुलाला हे दुसरीकडे कुठे मिळेल का? फुकट मिळत असेल, मोबाईलवर मिळत असेल, शेजारच्या कॉलेजात मिळत असेल, तर आपले पैसे तिथे घालू नका. जे आपल्याशिवाय त्याला कुणीच देणार नाही, तिथे घाला. पुढची सगळी कामं या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची आहेत.

आधी बिलं काढा

मागच्या तीन वर्षांची बिलं टेबलावर घ्या आणि खर्च पाच रकान्यांत मांडा : क्रमिक पुस्तकं, संदर्भग्रंथ, नियतकालिकं-वर्तमानपत्रं, ऑनलाइन वर्गण्या आणि 'इतर'. 'इतर' मोठा निघाला तर तो उकला. त्यात बहुतेक वेळा कुणीतरी भेटायला आले म्हणून घेतलेले संच, मार्चअखेरीस रक्कम संपवायला घेतलेले जाडजूड कोश आणि पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशित झालेली पुस्तकं सापडतात. त्या रकान्यावर कुणाला बोलू नका. फक्त बेरीज मांडून ठेवा, पुढे कमिटीत ती आपोआप बोलते.

मग देवघेवीकडे वळा. लायब्ररीचं सॉफ्टवेअर कोहा, सोल किंवा ई-ग्रंथालय यांपैकी काहीही असलं तरी 'शेवटची देवघेव' या तारखेनुसार यादी निघते. पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं वेगळी काढा. संगणकीकरण अर्धवट असेल तर पुस्तकाच्या मागच्या पानावरची तारीख-चिठ्ठी बघा. अटेंडरला शिसपेन्सिल द्या, शेवटचा शिक्का पाच वर्षांहून जुना असेल तर पुस्तकाच्या कण्यावर खाली बारीक ठिपका द्यायला सांगा. दोन पावसाळी आठवडे गर्दी कमी असताना हे काम उरकतं. निम्मं कपाट ठिपक्यांनी भरलेलं दिसलं तर घाबरू नका. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला, त्यात एका वर्षी घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ चाळीस टक्के पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. तिथे पैसा मुबलक होता. आपल्याकडे नाही, म्हणून आपण जास्त बारकाईने बघायचं, एवढाच फरक.

देवघेवीत न दिसणारा वापरही असतो. वाचनकक्षात बसून वाचलेलं पुस्तक कुठेच नोंदलं जात नाही. त्यासाठी एक पाटी लावा, "वाचून झाल्यावर पुस्तक टेबलावरच ठेवा", आणि संध्याकाळी कपाटात लावण्याआधी त्यांचे दाखल क्रमांक वहीत उतरवून घ्या. सेमिस्टरच्या मधला एक महिना आणि परीक्षेआधीचा एक महिना एवढं केलं तरी पुरे. संदर्भग्रंथांचं खरं चित्र इथेच कळतं.

नकार-वही

सगळ्या अहवालांपेक्षा मला एक साधी फुलस्केप वही जास्त उपयोगाची वाटते. काउंटरवर ठेवायची. मुलगा किंवा मुलगी रिकाम्या हाताने परत गेली की एक ओळ लिहायची : तारीख, वर्ग, काय मागितलं, कुठल्या भाषेत, का मिळालं नाही. शेवटच्या रकान्यात चारच खुणा. प्रत नाही, सगळ्या प्रती बाहेर, आवृत्ती जुनी, भाषा वेगळी.

हे लिहून घेणं अटेंडरच्या गळी उतरवायला वेळ लागतो, कारण त्याला वाटतं की आपल्या कामावर ठपका येतोय. त्याला समजावून सांगा की ही वही पैसे मागायला लागणार आहे. मुलंही खुलून मागत नाहीत. "अकौंटन्सीचं ते निळं बुक आलंय काय ओ मॅडम?" असं विचारतात आणि नाही म्हटलं की वळतात. त्यांना थांबवून विचारा, निळं म्हणजे कुठलं, वर्ग कुठला, इंग्लिश हवं का कन्नड का मराठी. एका सेमिस्टरमध्ये ही वही असं काही दाखवते जे देवघेवीच्या आकड्यांत कधीच येणार नाही. आकडे फक्त असलेल्या पुस्तकांबद्दल बोलतात, न मिळालेल्या पुस्तकांचा हिशेब ही वही ठेवते.

सीमाभागात 'भाषा वेगळी' ही खूण फार महत्त्वाची. जांबोटी-कणकुंबीकडून येणारा मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला असतो, पीयूसीत म्हणजे अकरावी-बारावीत इंग्लिश आणि कन्नडशी त्याची गाठ पडते, आणि डिग्रीला पेपर लिहितो इंग्लिशमध्ये किंवा कन्नडमध्ये. त्याला समजून घ्यायला मराठी पुस्तक लागतं आणि लिहायला दुसरं. विभागप्रमुखांच्या यादीत फक्त दुसरं असतं.

एक सूचना जपून वाचा. लायब्ररी कमिटीत भाषेवरून टक्केवारी ठरवायला बसू नका, बैठक कुठे जाईल याचा नेम नाही. कन्नड विभागप्रमुखांसमोर आणि मराठी विभागप्रमुखांसमोर ही वहीच उघडी ठेवा. कुठल्या वर्गातली मुलं कुठल्या भाषेतलं काय मागून परत गेली, हे दिसल्यावर वाद बराच निवळतो, कारण दोन्ही बाजूंना आपापल्या मुलांच्या मागण्या तिथे दिसतात.

फुकटचं आधी वापरात आणा

नवीन काही घेण्याआधी मिळणाऱ्या गोष्टी चालू करा. बऱ्याच कॉलेजांत वर्गणी भरलेली असते आणि लॉगिन फक्त ग्रंथपालाकडे असतं.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना खास कॉलेजांसाठी आहे. अनुदानित कॉलेजाला जीएसटीसकट वर्षाला ५,९०० रुपये भरून लाखभराहून जास्त ई-पुस्तकं मिळतात. एका जाड इंग्लिश संदर्भग्रंथाच्या किमतीत एवढं दुसरीकडे कुठेच नाही. मात्र प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव आणि ईमेल त्यात चढवावं लागतं. हे काम प्रवेशाच्या वेळीच करून घ्या, नंतर मुलं ईमेल विसरतात.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे संशोधन नियतकालिकांची देशभरासाठी एकच वर्गणी, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं. केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं त्यात आहेत. ही सोय केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे, म्हणून संस्थेच्या मॅनेजमेंटने चालवलेल्या कॉलेजाने आपलं नाव पोर्टलवरच्या यादीत आहे का हे आधी तपासावं आणि मगच छापील जर्नल बंद करावं. इंजिनिअरिंगवाल्यांना व्हीटीयूचा, म्हणजे त्यांच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा, सामायिक वर्गणीचा कन्सॉर्शियम आहे, मेडिकलवाल्यांना राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाचं हेलिनेट आहे. आपण कला-वाणिज्यवाले सगळ्यात शेवटच्या बाकावर, पण बाक आहे.

यापलीकडचं सगळं खरोखर फुकट : प्रबंधांसाठी शोधगंगा, पदव्युत्तर पाठांसाठी ई-पीजी पाठशाला, खरगपूरच्या आयआयटीने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी. मराठीसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश शोधता येतात आणि मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. कन्नडसाठी कर्नाटक सरकारचा 'कणज' हा ऑनलाइन ज्ञानकोश आहे. या यादीतलं काहीही छापील स्वरूपात पुन्हा विकत घेऊ नका. विश्वकोशाचा जुना संच कपाटात असेल तर राहू द्या, गहाळ खंडांसाठी धावाधाव नको.

आता अडचण सांगते. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतल्या गावांत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. 'ऑनलाइन उपलब्ध आहे' हे वाक्य अशा मुलाच्या दृष्टीने अर्धंच खरं असतं. म्हणून लायब्ररीतल्या एका संगणकावर विषयवार फोल्डर करा, मुक्त परवान्याचे पीडीएफ त्यात उतरवून ठेवा आणि मुलांना पेन ड्राइव्हवर घेऊन जाऊ द्या. एन-लिस्टवरून घाऊक डाउनलोड करायला मनाई आहे, तसं केलं तर कॉलेजचं खातं बंद पडू शकतं. तिथून ज्याला जे प्रकरण हवं ते त्यानेच उतरवावं.

नियतकालिकांना कात्री

इथे झटपट निर्णय होतो. वर्षाची वर्गणी भागिले वर्षभरात किती जणांनी अंक उचलला, एवढाच हिशेब. समजा एका इंग्लिश त्रैमासिकाची वर्गणी १,६०० रुपये आहे आणि वर्षात चार जणांनी ते उघडलं, तर एका वाचनाला ४०० रुपये पडले. स्पर्धा परीक्षेचं मासिक वर्षाला ६०० रुपयांचं आणि दीडशे वेळा हाताळलं, तर एका वाचनाला ४ रुपये. हे कोष्टक एका पानावर मांडा आणि महागड्या टोकाकडून छाटत या. हात आखडता घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सव्हियरसारख्या बलाढ्य प्रकाशकाचा करार सोडला आणि २०२१ मध्ये आपल्या अटींवर नवा केला.

एक अपवाद ठेवा. बेळगावची मराठी वर्तमानपत्रं आणि इथल्या संस्थांची छोटी नियतकालिकं हिशेबात महाग निघाली तरी बंद करू नका. मुंबई-पुण्याचं मासिक मुंबई-पुण्याच्या लायब्ररीत असतंच. आपल्या तालुक्याची बातमी छापून आलेला अंक आपण जपला नाही तर तो रद्दीत जातो.

क्रमिक पुस्तकं, हा खरा खर्च

माझ्या मते निम्म्याहून जास्त पैसे इथेच जायला हवेत. पण कर्नाटकात गेल्या काही वर्षांत अभ्यासक्रम ज्या वेगाने बदलला, त्यात क्रमिक पुस्तकं घेणं म्हणजे पळत्या एसटीत चढणं झालंय. २०२१-२२ ला राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची रचना आली, २०२४-२५ पासून राज्याने ती मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. मधल्या तीन वर्षांत छापलेली 'एनईपी'चा शिक्का मारलेली पुस्तकं आजही दुकानदार सवलतीत दाखवतात. मुखपृष्ठ बघून ऑर्डर देऊ नका. राणी चन्नम्मा विद्यापीठाचा चालू अभ्यासक्रम छापून घ्या, पुस्तकाची अनुक्रमणिका मागवा, आणि ज्या पुस्तकात पाचपैकी चार युनिट बसतात तेच घ्या.

करांच्या पुस्तकांचं तर वेगळंच. प्राप्तिकराचं पुस्तक दर वर्षी जुनं होतं, आणि आता १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा प्राप्तिकर कायदा २०२५ आला आहे. नव्या कायद्याप्रमाणे लिहिलेली आवृत्ती आणि विद्यापीठाचा त्या वर्षीचा पेपर जुळतोय का हे कॉमर्सच्या सरांकडून लेखी घ्या. तोवर दोनच प्रती.

प्रती किती घ्यायच्या? साठ मुलांचा वर्ग असेल आणि पुस्तक ४०० रुपयांच्या वर असेल तर मी सहा मुलांमागे एक प्रत धरते, म्हणजे दहा. त्यातल्या दोन प्रती पंधरा दिवसांसाठी न देता 'रात्रीच्या' ठेवायच्या : दुपारी साडेचारला न्यायच्या, दुसऱ्या दिवशी दहाला परत. दहाच्या दहा प्रती पंधरा दिवसांसाठी दिल्या तर हुशार आणि लवकर येणाऱ्या मुलांनाच त्या मिळतात. लांबून बसने येणाऱ्यांसाठी शनिवार ते सोमवार ही मुदत वेगळी ठेवा. १५० रुपयांच्या आतली पुस्तकं मुलं स्वतः घेतात, तिथे तीन-चार प्रतींवर थांबा. एससी-एसटी बुक बँकेचे पैसे वेगळे येत असतील तर आधी तिथून काय येतंय ते बघा, मग आपली यादी करा. उलट्या क्रमाने केलं की तीच पुस्तकं दोनदा येतात.

मराठी पुस्तकांची गोष्ट जरा सावकाश सांगते. अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र यांची चांगली मराठी पाठ्यपुस्तकं कोल्हापूर-पुण्याकडून येतात आणि ती शिवाजी विद्यापीठाच्या किंवा पुण्याच्या अभ्यासक्रमाला धरून लिहिलेली असतात. आपल्या पेपरशी ती सरळ जुळत नाहीत. 'अभ्यासक्रमात नाही' म्हणून ती नाकारली जातात आणि मुलाच्या हातात परीक्षेचं गाईड तेवढं राहतं. यावरचा उपाय पैशाचा नाही, दोन सुट्यांच्या कामाचा आहे. आम्ही त्याला जुळणी-पत्रक म्हणतो. एका कागदावर डावीकडे आपल्या पेपरची युनिटं, उजवीकडे कपाटातल्या मराठी पुस्तकाचं नाव, प्रकरण आणि पानं. युनिट दोनमधला 'उपभोक्त्याचं वर्तन' अमक्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात, युनिट तीन दोन पुस्तकांत विभागलेलं, युनिट पाच मराठीत कुठेच नाही. हे पत्रक त्या त्या पुस्तकाच्या आत चिकटवा आणि एक प्रत नोटिसबोर्डावर लावा. 'कुठेच नाही' असं जिथे निघेल, तिथेच नव्या खरेदीचे पैसे घाला. विषय शिकवणाऱ्या आणि मराठी वाचता येणाऱ्या लेक्चररशिवाय हे होत नाही, तेव्हा त्यांना मनवणं हे ग्रंथपालाचंच काम. असंच पत्रक कन्नड पुस्तकांचंही करा. तिथे अडचण कमी येते, कारण धारवाड-हुबळीचे प्रकाशक इथल्या विद्यापीठांना धरूनच छापतात.

एखाद्या महाग पुस्तकाचं एकच प्रकरण अभ्यासाला असेल तर पुस्तकाच्या दहा प्रती घेऊ नका. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिकवण्यासाठी लागणाऱ्या उताऱ्यांच्या प्रती काढणं कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात बसतं असं ठरवलं आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. याचा अर्थ अख्खं पुस्तक झेरॉक्स करून विका असा होत नाही. सरांनी नेमलेलं प्रकरण, त्या वर्गापुरतं, एवढं ठीक.

काढून टाकणं

पैसे कमी असताना पुस्तकं काढायची कशाला, असं मॅनेजमेंट विचारतं. त्याचं उत्तर जागेत आणि विश्वासात आहे. भारतीय दंड संहितेची जुनी पुस्तकं कपाटात दहा असतील तर मुलगा तेच उचलतो, आणि १ जुलै २०२४ पासून तर भारतीय न्याय संहिता लागू आहे. कंपनी कायदा १९५६, जीएसटीच्या आधीचे विक्रीकर, फ्लॉपी डिस्क समजावणारी संगणकाची पुस्तकं, हे सगळं मुलाला चुकीचं शिकवतं. इतिहासासाठी एकेक प्रत ठेवा, बाकी काढा. कसर लागलेली आणि पावसाळ्यात बुरशी आलेली पुस्तकं तर लगेच वेगळी करा, शेजारच्या चांगल्या पुस्तकांनाही लागण होते.

नियम आपल्या बाजूने आहेत. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ सांगतो की वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर पडताळणी दर वर्षी करावी, वीस ते पन्नास हजार असतील तर तीन वर्षांतून एकदा तरी. दिल्या-घेतल्या आणि वाचलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं हे, बेपर्वाई नसेल तर, वाजवी मानलं आहे. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करायची. हे नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहेत. तरी आपल्या मॅनेजमेंटच्या ठरावात ते आधार म्हणून घातले की ऑडिटर समजून घेतो.

काढायची यादी महिनाभर स्टाफरूममध्ये ठेवा. विभागप्रमुखाने नावासमोर 'ठेवा' लिहिलं तर वाद न घालता ठेवा, पण कारण लिहून घ्या. कमिटीचा ठराव झाल्यावर दाखल नोंदवहीत लाल शाईने ठराव क्रमांक आणि तारीख घाला, पुस्तकावर निर्लेखनाचा, म्हणजे संग्रहातून काढल्याचा, शिक्का मारा. संगणकातली नोंद पुसू नका, स्थिती बदला. पुढच्या पडताळणीत कुणी तरी ते पुस्तक मागतंच. रद्दी कोटेशन घेऊन विका आणि पैसे लायब्ररीच्या खात्यात पावतीसकट जमा करा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तपासणीत संगणकीकरण, ई-साधनं, पुस्तकांवरचा खर्च आणि रोजचा वापर विचारतात, तेव्हा मेलेल्या पुस्तकांनी आकडा फुगवून ठेवण्यात काही मिळत नाही.

आणि काय काढायचं नाही? बेळगाव, शहापूर, निपाणी इथल्या छापखान्यांत छापलेलं काहीही. गावच्या शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, सोसायटीचे जुने अहवाल, १९४६ आणि २००० साली बेळगावला भरलेल्या साहित्य संमेलनांचे कागद, महाजन आयोगावरच्या पुस्तिका, इंदिरा संतांसारख्या बेळगावात राहून लिहिणाऱ्यांच्या जुन्या आवृत्त्या. यांच्या तारीख-चिठ्ठीवर वीस वर्षांत शिक्का नसला तरी ठिपका द्यायचा नाही. यांच्यासाठी एक वेगळं बंद कपाट करा आणि वर्षाच्या रकमेतला एक लहानसा हिस्सा बाइंडिंग व स्कॅनिंगला राखून ठेवा.

शेजारी

एकट्या कॉलेजला सगळं परवडणार नाही. दहा-पंधरा किलोमीटरच्या अंतरातल्या तीन-चार ग्रंथपालांनी एकत्र बसून ठरवायचं : समाजशास्त्राचे संदर्भग्रंथ तुम्ही घ्या, ग्रामीण बँकिंगचे आम्ही घेतो, मराठी समीक्षा तिसऱ्याकडे. प्रिन्सिपलांच्या सह्यांचं एक पानी पत्र पुरतं, मोठ्या सामंजस्य कराराची वाट बघू नका. पत्रात तीनच गोष्टी हव्यात : किती दिवस, हरवलं तर भरपाई कुणाची, आणि पुस्तक ग्रंथपालाच्या नावावर जाणार, मुलाच्या नाही.

सीमेपलीकडचाही विचार करा. निपाणीला लागूनच अर्जुननगरचं देवचंद कॉलेज आहे, ते कोल्हापूर जिल्ह्यात आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. रस्ता ओलांडला की विद्यापीठ बदलतं, कपाटातली पुस्तकंही बदलतात. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. संशोधन करणाऱ्याला तिथे बसून वाचायचं असेल तर ग्रंथपालाच्या पत्राने वाट सोपी होते, कोऱ्या लेटरहेडचे नमुने तयार ठेवा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं. जुनी मराठी पुस्तकं आधी तिथे विचारायची आणि मगच जुन्या बाजारात शोधायची. पुस्तकं पोस्टाने पाठवायची असतील तर १ मे २०२५ पासून सुरू झालेली 'ज्ञान पोस्ट' स्वस्त पडते : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा.

ग्रंथदानाबद्दल थोडक्यात. निवृत्त प्राध्यापक प्रेमाने तीन पोती घेऊन येतात. नाही म्हणणं जड जातं, म्हणून आधीच एक छापील अर्ज ठेवा : 'निवडीचा अधिकार ग्रंथालयाचा, न निवडलेली पुस्तकं दात्याने महिन्याच्या आत न्यावीत.' सही झाली की मगच पोती आत. स्थानिक छापील साहित्य त्यात असेल तर मात्र चहा पाजून घ्या.

कमिटीसमोर एक पान

सगळं मांडायचं ते एकाच पानावर. समजा एक लाख रुपये आहेत, तर माझी मांडणी अशी असते : पंचावन्न हजार नकार-वहीतून आलेल्या आणि अभ्यासक्रमाशी जुळणाऱ्या क्रमिक पुस्तकांना, पंधरा हजार छाटून उरलेल्या नियतकालिकांना, सहा हजार एन-लिस्टला, नऊ हजार स्थानिक संग्रह आणि बाइंडिंगला. उरलेले पंधरा हजार कुणालाच द्यायचे नाहीत. ते ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवायचे, कारण विद्यापीठाचे बदल आणि नव्या आवृत्त्या तेव्हाच कळतात. विभागप्रमुख या राखीव रकमेवर डोळा ठेवतात. मी ती देते, पण नकार-वहीतल्या किमान दहा ओळींच्या बदल्यात.

ऑर्डर देताना तीन पुरवठादारांकडून कोटेशन घ्या : मराठीसाठी कोल्हापूर-पुणे, कन्नडसाठी धारवाड-हुबळी, इंग्लिशसाठी जो कुणी वेळेत देईल तो. सवलतीच्या टक्क्यापेक्षा वाहतुकीसकट पडणारी किंमत बघा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे, तो हिशेबात धरा. ऑर्डरच्या खाली छापून ठेवा : चालू आवृत्तीच द्यावी, उपलब्ध नसलेल्या पुस्तकांची यादी पंधरा दिवसांत कळवावी, एक महिन्यात न आलेली पुस्तकं आपोआप रद्द समजावीत. रद्द झालेल्या पुस्तकांचे पैसे त्याच दिवशी राखीव रकमेत परत टाका आणि पुढच्या बैठकीची वाट न बघता वहीतली पुढची ओळ मागवा.